ते वाक्य मराठीत बोललं गेलं होतं

पत्र थोडक्यात असं आहे. न्यू जर्सीच्या एका सबर्बमध्ये राहणारी चाळिशीतली वाचक मैत्रीण, नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, मुलगा हायस्कूलला, ग्रीन कार्डच्या रांगेत बरीच वर्षं गेलेली. मध्यंतरी एका मराठी मित्राकडे जेवायला गेले असताना घर घेण्याचा विषय निघाला आणि यजमान सहज म्हणाले, "त्या टाऊनकडे बघू पण नका, तिकडे काळे फार आहेत, शाळाही तसल्याच." दोघातिघांनी माना डोलावल्या आणि गप्पा पुढे सरकल्या. मुलगा ताटावरून उठून बाहेर जाऊन बसला, आणि घरी येताना गाडीत म्हणाला, "आई, तू काहीच बोलली नाहीस."

त्या दिवसापासून यांच्या मनात आहे की रेस (वंश) आणि व्हाइट प्रिव्हिलेज, म्हणजे गोरं असल्यामुळे न मागता मिळणारे फायदे, या विषयावर एक रीडिंग ग्रुप सुरू करावा, महिन्यातून एकदा भेटावं, वाचावं, बोलावं. मराठी मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून बघितलं तर उत्तरं आली, "गोऱ्यांच्या प्रिव्हिलेजशी आपला काय संबंध?", "आपण आपल्या मेहनतीने आलो", "रंगावरून त्रास आपल्यालाही होतोच की", आणि एका मैत्रिणीने पर्सनल मेसेज केला की आमचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, आम्हाला यात नको धरू. उलट शेजारची गोरी मैत्रीण एकदम उत्साहात, तिच्याकडे पुस्तकांची यादीसुद्धा तयार. ऑफिसमधल्या एका ब्लॅक कलीगला बोलवावं म्हणजे ती सगळ्यांना नीट समजावेल, असंही यांच्या डोक्यात आहे. विचारतात, सुरुवात कुठून करू, कोणाला घेऊ, काय वाचू, मैत्री तुटेल का, आणि "मी ना गोरी ना ब्लॅक, मग यात पडणारी मी कोण?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण मला वाटतं बाकीचे सगळे त्याच्यातच अडकलेत. तुम्ही असं धरून चाललाय की ही दोन पार्ट्यांमधली गोष्ट आहे आणि आपण नंतर आलेले पाहुणे, फार तर सहानुभूती दाखवू शकतो. पण अमेरिकेच्या कायद्याने आपल्याला असं बाजूला कधी उभंच केलं नव्हतं हो. १७९० च्या कायद्यात बाहेरून आलेल्यांपैकी नागरिक कोण होऊ शकतो तर ‘फ्री व्हाइट पर्सन’, आणि सिव्हिल वॉरनंतर १८७० मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली, बस. म्हणजे भारतातून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचं असेल तर कोर्टात उभं राहून मी गोरा आहे असं पटवून द्यावं लागायचं, आणि काही जणांनी खरंच पटवून दिलं.

भगतसिंग थिंद हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव. १९१३ मध्ये पंजाबातून आलेला माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत नोकरी केलेला, ओरेगनच्या कोर्टाने नागरिकत्व दिलं आणि सरकारने त्याविरुद्ध अपील केलं. गंमत नाही, संताप येईल असा भाग पुढे आहे. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं की व्हाइट म्हणजे कॉकेशियन, तू तो नाहीस. थिंदच्या बाजूने मग म्हटलं गेलं की शास्त्रज्ञांच्या व्याख्येप्रमाणे आम्ही उत्तर भारतातले कॉकेशियनच आहोत. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, त्याच कोर्टाने एकमताने निकाल दिला की शास्त्रज्ञ काही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. युरोपियन लोकांची मुलं इथे मिसळून जातात पण हिंदूंच्या (तेव्हा तिथे सगळ्याच भारतीयांना हिंदू म्हणत) मुलांवर त्यांच्या वंशाची खूण कायम दिसत राहील, असंही त्या निकालात लिहिलंय. तुमच्या मुलाच्या वयाच्या मुलांबद्दल लिहिलंय ते, आणि ते वाचताना ‘आपला काय संबंध’ हे वाक्य तोंडातून निघणं अवघड होतं.

आणि दुसरी बाजूही त्याच केसमध्ये आहे. थिंदच्या वतीने काय मांडलं गेलं? की हा उच्च जातीचा आर्य आहे, आणि लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्च जातीचा हिंदू तिथल्या मूळनिवासी लोकांकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. म्हणजे गोरेपणाच्या दारात शिरायला जातीचं सर्टिफिकेट पुढे केलं गेलं. माझं स्पष्ट मत आहे की मराठी लोकांच्या अशा ग्रुपने पहिल्या भेटीत हा निकालच वाचावा, छोटा आहे, फुकट वाचायला मिळतो, आणि आपल्यावर झालेला अन्याय आणि आपण करू पाहिलेला अन्याय दोन्ही त्या एका केसमध्ये सापडतात. कोणालाच ‘मी नुसता बळी’ किंवा ‘मी नुसता गुन्हेगार’ असं म्हणून मोकळं होता येत नाही.

आता ‘आपण मेहनतीने आलो’. तुमच्या मित्रांची मेहनत खरी आहे, तिच्यावर शंका घेऊन चर्चा सुरू केलीत तर पहिल्या दहा मिनिटांत संपेल. पण त्यांना एक तारीख शेजारी ठेवून बघायला सांगा. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण कोटा किती तर वर्षाला १०० माणसं. तो देशावार कोटा रद्द करणारा इमिग्रेशन कायदा सही झाला ३ ऑक्टोबर १९६५ ला. ब्लॅक लोकांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा सही झाला त्याच वर्षी ६ ऑगस्टला, दोन महिन्यांचंही अंतर नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षी सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट. वंशावरून माणसं वेगळी काढणं ही गोष्ट या देशाला लाज वाटण्यासारखी झाली ती अलाबामा आणि मिसिसिपीत ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले, जीव दिले त्यांच्यामुळे, आणि त्या हवेत आपलं दार उघडलं. वर त्या दारातून आत कोणाला घेतलं? बऱ्याच अंशी डॉक्टर, इंजिनिअर, सायंटिस्ट, म्हणजे भारताने शिकवून तयार केलेली माणसं. त्यामुळे ‘आपण दोन सुटकेस घेऊन आलो आणि बघा कुठे पोचलो, मग त्यांना का नाही जमलं’ ही तुलना मुळातच बसत नाही, कारण आपण निवडून घेतलेले आहोत आणि त्यांचे पूर्वज साखळ्यांत आणलेले आहेत. न्यू जर्सीपुरतं सांगायचं तर उत्तरेकडच्या राज्यांमध्ये गुलामगिरी सगळ्यात शेवटी संपली ती तुमच्याच राज्यात. १८०४ मध्ये ‘हळूहळू बंद करू’ असा कायदा केला आणि ते हळूहळू १८६५ पर्यंत चाललं.

‘त्रास आपल्यालाही होतो’ हेही खरं आहे आणि त्याला ग्रुपमध्ये जागा हवी. १९८७ मध्ये जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाने टोळकी भारतीयांना मारत फिरत होती, त्याच सुमाराला शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला, तुमच्या मंडळातल्या जुन्या लोकांना ते दिवस आठवत असतील आणि कदाचित त्यांना ते कोणी कधी विचारलंही नसेल. विचारा. फक्त एवढं लक्षात असू द्या की ‘मलाही लागलंय’ हे वाक्य कधी चर्चा उघडतं आणि कधी बंद करतं. ते ऐकून पुढे कोणी विचारलं की बरं, मग ज्यांना रोज लागतं त्यांच्याबद्दल आपण टेबलावर काय बोलतो, तर उघडलं.

आता त्या टेबलाकडे येऊ, कारण मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. ते वाक्य घराबद्दल होतं. टाऊन, शाळा, एरिया. आपल्या लोकांच्या तोंडून वंशाबद्दलचं सगळ्यात उघड बोलणं निघतं ते घर घेताना, आणि ते वाईट हेतूने निघतं असंही नाही, मुलांच्या काळजीने निघतं, रिअल्टरने सुचवलेलं असतं, आधी आलेल्या मित्राने सांगितलेलं असतं. तर तुमच्या ग्रुपने व्हाइट प्रिव्हिलेज हा विषय हवेत न वाचता तुमच्या राहत्या टाऊनमधून वाचावा असं मला फार वाटतं. १९३३ मध्ये सरकारने घरकर्जांसाठी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं, त्यांनी पुढच्या काही वर्षांत शहरांचे नकाशे बनवले, हिरवा भाग उत्तम, निळा बरा, पिवळा उतरता आणि लाल म्हणजे धोक्याचा, आणि ब्लॅक कुटुंबं राहतात हे लाल रंग द्यायला पुरेसं कारण असायचं. १९३४ पासून एफएचए, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे सरकारी खातं, होम लोनची हमी द्यायला लागलं तेही याच नजरेने, ब्लॅक वस्त्यांना हमी नाही आणि गोऱ्या वस्तीत ब्लॅक माणूस येणार असेल तरी हमी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जीआय बिल या सैनिकांसाठीच्या कायद्याखाली परतलेल्या सैनिकांना घरांसाठी कर्जं मिळाली, तर न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या सबर्ब्जमध्ये अशा ६७,००० कर्जांपैकी गोरे नसलेल्यांना मिळालेली १०० सुद्धा नव्हती. परत वाचा तो आकडा. ज्याला १९५० साली ते घर मिळालं त्याच्या मुलांना कॉलेजसाठी त्या घरावर पैसे काढता आले, नातवंडांना डाऊन पेमेंटला मदत झाली, आणि ज्याला नाही मिळालं त्याच्या तीन पिढ्या भाडं भरत राहिल्या. व्हाइट प्रिव्हिलेज म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी तरी आधी हेच सांगेन, त्यात आजच्या कुठल्याही गोऱ्या माणसाने मनात काही वाईट आणायची गरजच नाही.

तुमच्याच राज्यात विलिंगबरो आहे ना, ते बांधलं तेव्हा लेव्हिटाऊन होतं, बिल्डर ब्लॅक लोकांना घर विकायला तयार नव्हता, शेवटी १९६० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात हरला. आणि माउंट लॉरेल! तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या ब्लॅक कुटुंबांना परवडणारी घरं बांधायला टाऊनने परवानगी दिली नाही, एथेल लॉरेन्स आणि त्यांचे शेजारी कोर्टात गेले, १९७५ मध्ये निकाल लागला की झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय बांधायचं याच्या, नियमांनी कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवता येणार नाही. तुमच्या टाऊनमध्ये अफोर्डेबल हाउसिंगचा विषय निघाला की ज्या मीटिंग होतात, "ट्रॅफिक वाढेल, शाळा भरतील" म्हणून आपले लोकही सह्या करतात, त्याची मुळं त्या निकालात आहेत. शाळा मोठ्या प्रमाणात प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात, टॅक्स घरांच्या किमतींवर, किमती कोणाला कुठे राहू दिलं त्यावर, आणि मग आपण वेबसाइटवर शाळेचं रेटिंग बघून म्हणतो तिकडच्या शाळा ‘तसल्याच’. आपण गोरे नसूनही त्या ‘चांगल्या’ डिस्ट्रिक्टमध्ये आज बसलोय. त्याचा फायदा आपली मुलं घेतायत, घ्यावाच, पण तो आला कुठून हे वाचायला काय हरकत आहे?

हे सगळं आपल्यालाही लागलेलं आहे बरं का, म्हणून म्हणते तुम्ही बाहेरच्या नाही. वैष्णोदास बगाई आणि त्यांची बायको कला १९१५ मध्ये तीन मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात आले, बर्कलीत घर घेतलं, राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून आत जाऊ दिलं नाही. पुढे बगाईंना नागरिकत्व मिळालं, थिंदच्या निकालानंतर काढून घेतलं गेलं, दुकान गेलं, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कलाबाई मात्र राहिल्या, मुलांना वाढवलं, पुढे अमेरिकेच्या नागरिकही झाल्या. बर्कलीत आता एका रस्त्याला कला बगाईंचं नाव आहे.

मग कोणाला घ्यायचं. तुमच्यापुढे तीन रस्ते दिसतात मला. एक, मंडळाचा कार्यक्रम म्हणून करायचं, पोस्टर, झूम लिंक, वक्ता. असं करू नका, निदान आत्ता नाही, तिथे लोक बाजू घेऊन येतात आणि बाजू घेऊनच जातात. दोन, शेजारच्या मैत्रिणीबरोबर मिक्स ग्रुप काढायचा. हे आकर्षक आहे आणि पुढे कधीतरी करावंच, पण लगेच केलंत तर काय होईल ते सांगते. गोऱ्या शेजाऱ्यांसमोर आपले लोक इंग्लिशमध्ये अतिशय सभ्य बोलतील, दिवाळी आणि डायव्हर्सिटीवर बोलतील, फार तर स्वतःला आलेला एखादा वाईट अनुभव सांगतील. शेजारीण मनापासून तिची अपराधी भावना बोलून दाखवेल, सगळे तिला धीर देतील, आणि जे वाक्य ऐकून तुमचा मुलगा उठला ते वाक्य त्या खोलीत कधीच येणार नाही. कारण ते मराठीत बोललं गेलं होतं. आपण जे खरं बोलतो ते आपसात, मराठीत, जेवताना बोलतो, म्हणून हा ग्रुपही आधी तिथेच व्हायला हवा. वाचन इंग्लिशमधलं असू द्या, बोलणं मराठीत.

तर तिसरा रस्ता, पाच-सहा मराठी माणसं, कोणाच्या तरी घरी, काही महिने. ज्यांना आधीच सगळं पटलंय अशीच पाच नकोत, एखादी शंका घेणारी पण ऐकून घेणारी व्यक्ती हवीच. ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांना या ग्रुपमध्ये पकडून आणू नका, त्यांना वाटेल आपल्याला आरोपी म्हणून बोलावलंय आणि ते फारसं चूकही नसेल. त्यांना वेगळा फोन करा, आणि लवकर करा. "त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ते माझ्या मुलाला लागलं आणि मलाही, मी तेव्हा बोलले नाही म्हणून आता बोलतेय," इतकं पुरे. मग विचारा की ते टाऊन वाईट आहे हे त्यांना कोणी सांगितलं. रिअल्टरने सांगितलं असेल तर त्यांना हेही कळू द्या की गिऱ्हाइकाला वंश बघून एका एरियाकडून दुसऱ्या एरियाकडे वळवणं हे १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टपासून बेकायदेशीर आहे.

तुमच्या ब्लॅक कलीगबद्दल. तुमचा हेतू चांगला आहे, पण बघा, ऑफिसमध्ये रोज दिसणाऱ्या माणसांपैकी एकीने येऊन संध्याकाळी आठ अनोळखी लोकांना स्वतःच्या आयुष्यातला अपमान उलगडून दाखवायचा, तोही फुकट, आणि कोणी "पण आम्हीही डिस्क्रिमिनेशन सहन केलंच की" म्हटलं तर हसून ऐकायचं, हे तिने का करावं? ती तुमची मैत्रीण असेल तर मैत्रिणीसारखं जेवायला बोलवा, विषय तिने काढला तर काढला. शिकवायला माणूस हवाच असेल तर जवळच्या कॉलेजात, म्युझियममध्ये, हिस्टॉरिकल सोसायटीत हे काम करणारे लोक आहेत, त्यांना रीतसर बोलवा आणि मानधन द्या. तिला सांगायचंच असेल तर इतकंच सांगा की आम्ही असं वाचतोय, आणि सोडून द्या.

शेजारणीला नाही म्हणू नका पण थांबायला सांगा. तिची यादी गोऱ्या वाचकांना समोर ठेवून लिहिलेल्या पुस्तकांची असण्याची शक्यता खूप आहे, त्यातले प्रश्न, एक्सरसाइज सगळे ‘तू गोरी आहेस, आता आत बघ’ अशा धर्तीचे, ते तिच्यासाठी योग्यच आहेत, तुम्हाला मात्र अर्धेच लागू पडतील. सहाएक महिन्यांनी लायब्ररीची रूम घेऊन दोन्ही ग्रुप एकत्र बसा. पब्लिक लायब्ररीत अशा छोट्या ग्रुपला खोली बहुतेक फुकट मिळते आणि एकाच पुस्तकाच्या बऱ्याच कॉप्या मागवून देतात, ही सोय आपले लोक फार कमी वापरतात.

जातीचा विषय निघणारच आणि निघायलाच हवा. अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी मराठी माणसाचं नातं आपल्या गणेशोत्सवाच्या स्टेजवर कधी सांगितलं जात नाही पण ते फार जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरून. आंबेडकर १९१३ मध्ये, थिंद आले त्याच वर्षी, न्यूयॉर्कला कोलंबियात शिकायला आले, आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या ब्लॅक विचारवंताला पत्र लिहिलं की अस्पृश्यांची आणि इथल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्याचा अभ्यास करणं मला आवश्यकच वाटतं, आणि निग्रोंच्या वतीने युनायटेड नेशन्सकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मिळतील का. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं, की तुमचं नाव आणि काम मला माहीत आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊनच. या पत्रांची एक संध्याकाळ नक्की ठेवा.

मात्र दोन गोष्टींची काळजी घ्या. वंश आणि जात सारखी दिसली तरी एक नाहीत, ‘आमच्याकडेही असंच असतं’ म्हणत आपण पटकन भारतात पळतो आणि एडिसन, ट्रेंटन, न्यूअर्क राहून जातं. आणि दुसरं, तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांची आडनावं एकदा मनात म्हणून बघा. एकाच थरातली असतील तर तेही बोलायचा मुद्दा आहे. आणि एखादीच दलित मैत्रीण असेल तर जातीवर तिने बोलावं अशी अपेक्षा डोळ्यांनीसुद्धा करू नका, जे ब्लॅक कलीगबद्दल म्हटलं तेच तिच्याबद्दल.

आता भेट कशी घ्यायची ते. दोन तास पुरे. अख्खं पुस्तक देऊ नका, लोक वाचून येत नाहीत आणि मग न वाचलेले गप्प बसतात किंवा जास्त बोलतात. वीस-तीस पानं, किंवा तिथेच बसून आळीपाळीने मोठ्याने वाचायचं, मला हे फार आवडतं, कारण ते शब्द स्वतःच्या तोंडून म्हणताना माणूस थांबतो. पहिल्यांदा थिंद. दुसऱ्यांदा वेलस्ली कॉलेजच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पेगी मॅकिंटॉश यांचा १९८९ चा छोटा लेख, ज्यात तिने गोरी म्हणून आपल्याला रोज न मागता काय काय मिळतं याची यादी केली. तिची यादी वाचून झाली की प्रत्येकाने स्वतःची करायची, एका बाजूला इथे मला काय सहज मिळतं, दुसऱ्या बाजूला काय मिळत नाही, आणि पाठीमागच्या पानावर हेच महाराष्ट्राबद्दल. वाचून दाखवायची सक्ती नाही. तिसऱ्यांदा टाऊनचा नकाशा. ते जुने रंगीत नकाशे ऑनलाइन फुकट आहेत, तुमचं टाऊन नसेल तर जवळचं शहर बघा, आणि कोणाकडे घराची जुनी डीड (खरेदीखत) असेल तर आणायला सांगा, जुन्या कागदांत कधीकधी ‘ही जागा गोऱ्यांनाच विकावी’ असं लिहिलेलं सापडतं. मग मार्टिन ल्यूथर किंग यांचं बर्मिंगहॅमच्या जेलमधलं १९६३ चं पत्र, त्यात त्यांनी सगळ्यात जास्त निराशा व्यक्त केलीय ती शांतता हवी असणाऱ्या मवाळ गोऱ्यांबद्दल, आणि आपण सगळे बऱ्याचदा त्याच रांगेत बसतो. त्यानंतर मात्र ब्लॅक लेखकांची कादंबरी, आत्मचरित्र, कविता असं काही घ्या ज्यात नुसतं दुःख नाही. फक्त मारहाणीचं आणि गुलामगिरीचंच वाचत राहिलो तर ती माणसं आपल्यासाठी एक प्रॉब्लेम होऊन बसतात. ब्लॅक गायक पॉल रोबसन प्रिन्स्टनला जन्मले, रटगर्सला शिकले, तुमच्यातले किती जण तिथे जवळ राहतात, त्यांचं गाणं ऐकण्यात एक संध्याकाळ घालवा ना.

दर वेळी वेगळ्या माणसाने चालवायचं. जे बोललं ते घराबाहेर नाही, आणि भेटीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर वाद नाही, जे काय ते पुढच्या भेटीत. चहा आणि चिवडा, पॉटलक नको, एकदा पॉटलक झालं की अर्धी संध्याकाळ किचनमध्ये जाते आणि बायकाच जास्त उठतात. फोटो काढायचे नाहीत, पोस्ट करायची नाही. हे शेवटचं मी त्या ग्रीन कार्डवाल्या मैत्रिणीसाठी म्हणतेय. तिची भीती खोटी नाही आणि तिला भित्री कोणी म्हणू नये, ज्याचं इथलं राहणंच कोणाच्या तरी मर्जीवर आहे तो तोलून बोलणारच. तिला यायचं असेल तर येऊ द्या, गप्प बसायचं असेल तर बसू द्या, नाही आली तर परत विचारू नका.

मैत्री तुटेल का, तर एखादी सैल होईल, खोटं कशाला सांगू. पण जे येणार नाहीत त्यांना हळदीकुंकवाला, गणपतीला पूर्वीसारखंच बोलवा, ग्रुपचा विषय तिथे काढू नका. काही लोक वर्षभराने येतात. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या वाचकांनीही हेच करून बघायला हरकत नाही, ह्यूस्टन असो की शिकागो, स्वतःच्या शहराचा नकाशा आणि स्वतःच्या शाळेचा इतिहास घ्यायचा. लंडन, टोरांटोमधले कागद वेगळे आहेत, पण तिथेही घर आणि शाळेपासूनच सुरू करा.

मुलाला ग्रुपमध्ये परीक्षक म्हणून बसवू नका आणि त्याच्यासाठी हे करतेय असंही त्याला दाखवू नका, त्याच्यावर ते ओझं होईल. गाडीतल्या त्या वाक्याचं उत्तर त्याला वेगळं द्या, आजच द्या, की तू बरोबर होतास आणि मी त्या काकांना फोन केलाय. नकाशाच्या संध्याकाळी त्याला आणि इतरांच्या मोठ्या मुलांना हवं तर बोलवा, त्यांनी शाळेत यातलं बरंच वाचलेलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये ‘व्हाइट प्रिव्हिलेजवर चर्चा’ असं होतं. या वेळी मोठ्या ग्रुपवर न टाकता पाच जणांना वेगवेगळं पाठवा, असं काहीतरी: "१९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका भारतीय माणसाला तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. तो निकाल आपण एकत्र वाचूया का? रविवारी चार वाजता, आमच्याकडे. आधी काही वाचून यायची गरज नाही." तिघं आले तरी सुरू करा.